ठाव लागला नाही

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणतात. नसंल. पण आता माझे दात गेले आन् त्याचे कान गेले, आता कुणी कुणाला लाजायचं? बिरू. घेतलं बघा. आम्ही धनगर, पडेगावचे. आजा मेंढरामागं, बाप मेंढरामागं, आन् आमचा धनी आगबोटीवर! हसू नका. औरंगाबादच्या माणसानं जल्मात गुडघ्यावर पाणी बघितलेलं नसतं, आन् हा गडी गंगेवर नोकरीला.

झालं असं, तिकडं बिहारात गंगेवर रेल्वेचा पूल बांधायचा व्हता. मुकादम आला, गावोगावची माणसं घेऊन गेला. आमचा धनी ताडमाड उंच, त्याच्यावर मुकादमाची नजर गेली नसती तरच नवल. पूल झाला, बाकीचे परत आले, ह्याला रेल्वेनं ठेवून घेतलं. कुणाच्या तरी हाती निरोप आला, घाटावर नोकरी लागली. माझी सासू दगडाबाई, तिला घाट म्हणजी डोंगरातला घाट ठाऊक. तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दोन घोंगड्या आन् एक कुऱ्हाड धाडली. गारठा असंल, जनावर असंल, म्हणून. तिकडं घाट म्हणजी नदीचा काठ, आगबोट लागायची जागा! आगबोटीवरचे लोक कैक वर्सं त्या कुऱ्हाडीवरून धन्याला चिडवायचे, आन् धनी आईला. म्हातारी मरेस्तवर म्हणायची, "मी घाट चुकले ते चुकले, पुन्हा पाण्याची भाषा चुकायची नाय."

त्या आगबोटीचं नाव चंपावती. मी तिला सवत म्हणायचे. का म्हणू नये? वर्साकाठी एक महिना नवरा माझा, बाकीचा समदा तिचा. आन् त्या एका महिन्यात बी तिचीच कुळकथा. भाकर थापताना चंपावती, मेंढरं कातरताना चंपावती.

म्हणं, ती साहेबाच्या मुलखात बांधली, मग पुन्हा सुटी केली, पेट्यांत भरून जहाजानं कलकत्त्याला आणली आन् तिथं खिळे मारून परत उभी केली. मी इचारलं, एका गावचा मांडव सोडून दुसऱ्या गावी घालावा तसं? तर म्हणला, तसंच. दोन्ही कुशीला दोन मोठाली चाकं, फळ्या-फळ्यांची. पोटात बॉयलर. बॉयलरला कोळसा घातला की वाफ व्हायची, वाफंनं चाकं फिरायची आन् पाणी मागं लोटायची. मालक कोण, तर रेल्वे कंपनी. रेल्वेला बोट कशाला लागती, असं मी बी इचारलं. अगं, म्हणला, आम्ही बांधला त्यो पूल लई लांब, त्या जागी गंगेवर पूलच नाय. ह्या काठाला रूळ संपतेत, त्या काठाला पुन्हा सुरू व्हतेत. मधल्या पाण्याला कंपनीनं ही आगबोट घातली. तिकीट एकच. गाडीतून उतरायचं, बोटीत बसायचं, पलीकडं दुसरी गाडी उभी.

आन् गंगा तरी एका जागी राहती व्हय? दर पावसाळ्याला कूस बदलणार. मग घाट हलवायचा, वाळूतले रूळ उपटायचे आन् नव्या काठाला नेऊन टाकायचे. साहेबाच्या टायमाला वरच्या मजल्यावर साहेब खुर्च्यांवर, खाली यात्रेकरू, बटाट्याची पोती आन् शेरडं. मोठ्या लढाईत सरकारनं तिला फौजेसाठी नेली, परत आली ती चाकाच्या फळ्या मोडून. स्वराज्य झालं तवा तिच्यावरचं कुण्या मडमेचं नाव खरवडून चंपावती रंगवलं. पण पावसात चिंब भिजली की जुनी अक्षरं खालून दिसायची म्हणं. मी म्हणायचे, बघा, तिला बी आधीचा धनी आठवतो. धनी चिडायचा नाय, हसायचा. नाव बदलाया काय लागतंय, म्हणायचा, एक डबा रंग.

धन्याचं काम काय, तर आगबोटीच्या नाकावर उभं राहून बांबू पाण्यात सोडायचा. बांबूला लाल-पांढरे पट्टे. खाली वाळू लागली तर किती पट्टे भिजले ते वरडून सांगायचं, मग वरचा सारंग, म्हणजी बोट हाकणारा, बोट आवरायचा. आन् बांबू तळाला टेकलाच नाय, तर वरडायचं, 'मिला नहीं!' म्हणजी खोल पाणी, धोका नाय, चला पुढं.

सुट्टीवर आला की हाच खेळ पोरांसंगं, आपल्या बोलीत. धनी काठी घेऊन पुढं, मागं पोरांची रांग. "ठाव लागला!" म्हणला की समद्यांनी जागच्या जागी थांबायचं. "ठाव लागला नाय!" म्हणला की पळायचं पुढं. सासू ओसरीवरून बघायची आन् पदरानं तोंड झाकून हसायची. तेवढं ध्यानात ठेवा. जगात ठाव लागला नाय म्हणजी माणूस हरवला, पत्ता नाय. आमच्या घरात त्याचा अर्थ, वाट मोकळी हाय, चला.

त्या खेळात सारजा असायची. सारजा म्हणजी लिंबाजीची पोर. लिंबाजी डोंगरापलीकडच्या गावचा, बौद्धवाड्यातला. धन्यानंच त्याला तिकडं ओढून नेलं, चंपावतीवर कोळसा मारायला लावलं. एक आगबोटीच्या पोटात, एक नाकावर. एकाच ताटात जेवायचे. लिंबाजीची बायको आवडाबाई, बोलायला गोड, हसली की सगळं अंग हसायचं. तिचा नवरा बी त्याच सवतीकडं, म्हणून आमचं जमायचं, पोरीला घेऊन आमच्याकडं यायची. आम्ही दोघी मिळून चंपावतीला शिव्या घालायचो.

मग अठ्ठ्याहत्तर साल उगवलं. तिकडं मुंबईत ठरलं की औरंगाबादच्या इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. झालं, आख्ख्या मराठवाड्यात वणवा पेटला. गावोगाव बौद्धवाडे जाळायला लागले. एसट्या बंद, तारा तोडलेल्या, पूल उडवलेले. धनी तवा सुट्टीवर घरी व्हता आन् लिंबाजी तिकडं आगबोटीवर. धनी डोक्याला हात लावून बसला. एक डबा रंग लागतो म्हणणारा माणूस तो!

आन् एका सकाळी आवडाबाई आमच्या वाडग्यात. वाडगं म्हणजी मेंढरं कोंडायची जागा, घराच्या मागं. मी मेंढरं सोडाया गेले तर मेंढरांच्या मधी ही बसलेली, सारजाला पोटाशी घेऊन. पाय चिरलेले, केसांना जळका वास. रात्रभर डोंगरातून चालत आलती. "अक्का, घर गेलं," एवढंच म्हणली. मला रडू बी फुटलं आन् संताप बी आला, आन् काय करावं कळंना म्हणून मी धन्यावरच वरडले, "बघता काय, पाणी आणा की!"

सासू जरा कुरकुरली. पाण्याचा हंडा, चूल, असलं काय काय तोंडातल्या तोंडात. मी म्हणलं, "आत्याबाई, तुमचा ल्योक गंगेवर तिच्या नवऱ्याच्या ताटात जेवतोय, तवा तुमचा हंडा काय घेऊन बसलात?" म्हातारी उठली आन् स्वतःच सारजाच्या पायाला हळद लावाया बसली. अशी व्हती ती.

पण माणूस लपवणं सोपं नाय हो. मेंढरं मुकी, पण गाव मुकं नाय. दुसऱ्या दिवशी शेजारचे काकासाहेब आले, मोठे शेतकरी, आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसायची. उंबऱ्यातच उभे राहिले. "बानाबाई, तुझ्या वाडग्यात कोण हाय ते मी इचारत नाय. पण पलीकडच्या गावची पोरं हिकडं यायला लागलीत, आन् ती माझ्या ऐकण्यातली नाहीत. दिवस मावळायच्या आत वाडगं रिकामं कर." माणूस वाईट नव्हता. पण तेवढंच सांगून गेला.

न्यायचं कुठं? शहरात. स्टेशनाजवळ रेल्वेची वस्ती, तिथं पोलिस, तिथं धन्याच्या वळखीचे गँगमन. पडेगावातून निघालं की छावणी, छावणीच्या पुढं स्टेशन. अंतर काय लई नाय, पण मधल्या रस्त्यावर कोण बसलंय ते कुणाला ठाऊक? धन्यानं काठी घेतली. "मी पुढं जातो, ठाव घेतो. वाट बरी असंल तर सांगावा धाडतो, मग तुम्ही निघा. सांगावा येस्तवर हलू नका."

"आन् सांगावा नाय आला तर?" मी इचारलं.

"यील," म्हणला, आन् पावसात निघून गेला.

ती सकाळ कशी गेली ते माझं मला ठाऊक. कुत्रं भुंकलं की मी दारात. चुलीवर दूध उतू गेलं तरी मला वास आला नाय. आवडाबाई कडब्याच्या मागं बसलेली, सारजाला खोकला. पोरीला खोकला आला की आवडाबाई तिचं तोंड पदरानं दाबायची आन् मग स्वतःच रडायची. डोंगराकडं धूर दिसत व्हता, पावसात बी. मी देवाला म्हणलं, बिरोबा, तुझ्या नावाचा माणूस रस्त्यावर हाय, त्याला सांभाळ. मग वाटलं, देवाला बी आज कुठं कुठं पळावं लागत असंल.

दुपार कलली आन् सांडू आला. सांडू म्हणजी गावातला दूधवाला, छावणीत दूध घालायचा. कॅन रिकामे वाजवत यायचा, त्या दिवशी धरून आणलेले, आवाज नको म्हणून.

"काकू, तात्या भेटला छावणीच्या पुलाजवळ."

"जिवाला बरा हाय ना?"

"बरा हाय. म्हणला, बानीला सांग, ठाव लागला नाय."

"आन्?"

"आन् काय नाय. लई घाईत व्हता."

"अरे बाबा, आठव की! एवढंच म्हणला?"

"एवढंच. ठाव लागला नाय."

"तोंड कसं व्हतं त्याचं? हसत म्हणला का रडत?"

सांडू वैतागला. "काकू, मी दूधवाला हाय, फौजदार नाय. पावसात समद्याचं तोंड सारखंच दिसतंय." आन् गेला निघून, त्याला बी भ्या व्हतं.

मी तिथंच बसले. आवडाबाई कडब्यामागून ऐकत व्हती. म्हणली, "अक्का, म्हणजी वाट सापडली नाय. आमचं नसीबच तसं. तुम्ही सांगा, आम्ही पुन्हा डोंगरात जातो." तिचं बी बरोबर. समदं जग तोच अर्थ काढील. पण माझ्या डोक्यात तो खेळ. धनी खेळातलं बोलला असंल का? सांडूला कळू नये म्हणून आगबोटीचं बोलला असंल का? का खरंच वाट नाय, आन् मी ह्या मायलेकीला घेऊन लांडग्याच्या तोंडात जाईन? हिकडं आड तिकडं विहीर. मी उठायची, बसायची, उठायची.

तवा सासू ओसरीवरून उठली. "रांडे, बसलीस काय? त्यो पाण्याचं बोलतोय. ठाव लागला नाय म्हणजी खोल पाणी, चला. एकदा मी घाट चुकले, समद्या मुलखात हसू झालं. आता चुकायची नाय. काढ मेंढरं बाहीर."

"आत्याबाई, आन् तसं नसलं तर?"

"नसलं तर दिवस मावळल्यावर हिथं काय व्हणार हाय, ते तुला ठाऊक नाय व्हय?"

ते ठाऊक व्हतं. मी वाडग्याच्या तोंडावरची काटेरी फांदी ओढली.

आवडाबाईला माझं जाडं लुगडं नेसवलं, हातात काठी दिली आन् घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घातली. ती घोंगडी म्हणजी सासूनं घाटावर धाडलेल्या दोहोंपैकी एक, धन्यानं परत आणलेली. तिला अजून कोळशाचा वास यायचा. आवडाबाईनं तो वास घेतला आन् म्हणली, "ह्याला आमच्यांचा वास येतोय." सारजाला तट्टावरच्या पाटीत बसवलं. आम्ही वाट चालताना लहान कोकरं त्या पाटीत घालतो. पोरीला तळाला, वरून कोकरं, वरून पोतं. "खोकायचं नाय गं माझे माय," मी सांगितलं. ती म्हणली, "तात्या पुढं हाय ना?" मी म्हणलं, हाय. खरं का खोटं, देव जाणं.

आमच्या गावाच्या शिवेपर्यंत कुणी काय बोललं नाय. काकासाहेब बांधावर उभे व्हते, त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचं तोंड फिरवणं तवा मला उपकारासारखं वाटलं, आता राग येतो. पुढं मोरीपाशी पोरांचं टोळकं बसलेलं. आमच्या गावचे नव्हते, म्हणून मला वळखत नव्हते. एकाच्या हातात काठी, एकाच्या हातात रॉकेलचा डबा.

"कुठं निघाली मेंढरं?"

"कुठं निघाली म्हणजी? छावणीत. गिऱ्हाईक हाय." मी आवाज चढवला. भ्यालेला माणूस हळू बोलतो, म्हणून मी जोरात.

"ही कोण?"

"माझी जाऊ हाय. का, लगीन लावायचंय?"

दोघं हसले. पण काठीवाला हसला नाय. तो आवडाबाईच्या पुढं जाऊन उभा राहिला. "धनगरीण हायेस ना? मग हाक बघू मेंढरं."

मेंढरं हाकायची आमची एक शीळ हाय, जिभंखालून मारायची. ती दुसऱ्याला जमत नाय. आवडाबाईनं तोंडानं कायतरी आवाज काढला. मेंढरं जागची हालली नाहीत. एक मेंढी तिच्याकडं बघून चघळत उभी राहिली. मी शीळ मारायला तोंड उघडलं तर काठीवाला म्हणला, "तू नको. तिला हाकू दे."

आन् आवडाबाईनं काय केलं असंल? ती तट्टाकडं गेली, पोत्याखाली हात घातला, वरचं कोकरू काढलं, छातीशी धरलं आन् सरळ चालायला लागली. मागं बघितलं नाय. कोकरू वरडलं, तशी त्याची आय धावली. आयमागं दुसरी, दुसरीमागं समदा कळप. मेंढरू असंच असतं, एक निघालं की समदी निघतेत. तिला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर इचारलं तर म्हणली, "अक्का, लेकरू उचललं की माय येतीच की."

काठीवाला तरी मागं हटंना. तट्टू जाताना त्यानं काठी पाटीत खुपसली. मी तिथंच मेले. काठी पोत्यातून आत गेली, कोकरू किंचाळलं, आन् त्यानं काठी वर ओढली. सारजा खोकली नाय. पुढं छावणीचे शिपाई दिसेस्तवर मी पाटीवरचा हात काढला नाय. आन् शिपाई दिसल्यावर मी रस्त्यातच आवडाबाईच्या गळ्यात पडले. आम्ही दोघी हसत व्हतो का रडत ते आम्हालाच कळंना. म्हणलं, जितलं बाई! म्हातारी जितली, पाण्याची भाषा बरोबर निघाली!

स्टेशनाच्या बाहीर नळापाशी धनी बसलेला. अंग चिखलानं भरलेलं. मी लांबूनच हाक मारली. त्यानं मान वर केली, आम्हाला बघितलं, आन् उभा राहता राहता पुन्हा खाली बसला.

"तुम्ही कशा आल्या? कुणी सांगितलं या म्हणून?"

"तुम्हीच की!" मी म्हणलं. "सांडूजवळ सांगावा नाय धाडला? ठाव लागला नाय म्हणून?"

धनी माझ्याकडं बघतच राहिला. मग आवडाबाईकडं बघितलं. मग खाली. "मी 'त्याचा' म्हणलो व्हतो गं, बाने," म्हणला. "त्याचा ठाव लागला नाय."

त्याच्या बाजूला एक पत्र्याची पेटी व्हती. मी आत्तापर्यंत बघितलीच नव्हती. आवडाबाईनं बघितली. वर कोळशानं काळं झालेलं फडकं बांधलेलं. ते फडकं तिनंच शिवलेलं, घाम पुसायला.

लिंबाजी आलता. तिकडं आगबोटीवर कुणाच्या तरी रेडिओवर मराठवाड्याचं ऐकलं आन् मिळंल त्या गाडीनं निघाला. दोन दिवसांमागं सांजंला स्टेशनात उतरला. एसटी बंद. गँगमन म्हणले, जाऊ नको. तो म्हणला, बायको-पोर हाय. पेटी त्यांच्याकडं ठेवली आन् डोंगराच्या वाटंनं गावाकडं निघाला. ज्या रात्री आवडाबाई डोंगर उतरत व्हती, त्याच रात्री तो दुसऱ्या अंगानं चढत व्हता. धन्याला स्टेशनात हे कळलं, तसा तो वाटंचा ठाव घ्यायचं सोडून त्याला हुडकाया पळाला. दरगे बघितले, लेण्यांची बाजू बघितली, वढे बघितले. पुलावर सांडू भेटला तवा बाजूला माणसं उभी व्हती. लिंबाजीचं नाव घ्यायचं भ्या वाटलं. म्हणून 'त्याचा' म्हणला, लिंबाजी आल्याचं मला ठाऊकच नाय हे त्या घाईत त्याच्या ध्यानात आलं नाय. आन् सांडूनं तेवढाच एक शबुद रस्त्यात सांडला.

आवडाबाई वरडली नाय. कोकरू अजून तिच्या हातात व्हतं. ते तिनं खाली ठेवलं, सारजाला पाटीतून काढलं आन् पेटीजवळ बसली. "तात्या, उद्या बघा," म्हणली. "उजेडात बघा."

उद्या बघितलं. परवा बघितलं. पोलिसांसंगं बघितलं, मेंढरामागं जाणाऱ्या समद्या आमच्या माणसांनी डोंगर चाळला. लिंबाजी मिळाला नाय. मेलेला नाय आन् जिता नाय. आन् त्या सांजंला आमचं वाडगं पेटवलं, ते बी सांगते. सासू एकटी ओसरीवर बसलेली. तिला म्हणले, कुठं लपवलीस? ती म्हणली, गंगेला गेली. त्या दोघी तिथं असत्या तर काय झालं असतं, त्याचा इचार मी करत नाय.

धनी चंपावतीवर परत गेला, पण बांबू हातात घेतला नाय. साहेबाला म्हणला, मला पोटात काम द्या. लिंबाजीचं फावडं घेतलं आन् कोळसा मारत राहिला. त्या बॉयलरच्या आवाजानंच त्याचे कान गेले, आसं आमची पोरं म्हणतेत. काय वर्सांनी गंगेवर मोठा पूल झाला, तशी आगबोट बंद पडली. तिला काठावर ओढून तोडली, भंगारात. धनी म्हणला, तोडताना रंग निघाला आन् मडमेचं नाव समदं वर आलं. मी तिला जल्मभर सवत म्हणले, पण त्या दिवशी मला बी वाईट वाटलं.

आवडाबाई शहरातच राहिली. पैठण रस्त्याला चितेगावात कंपन्या निघाल्या, तवा एका कंपनीत झाडायला लागली. पुढं पॅकिंगला गेली. सारजाला शिकवलं. आमच्याकडं यायची, सणाला, बिनसणाला. पण आमच्या घरात तो खेळ कुणी पुन्हा खेळला नाय. ते तीन शबुद कुणी बोलायचं नाय, हा धन्याचा कायदा. माझ्या नातवंडांना त्यातलं काय ठाऊक नाय.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव लागलं. इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. दुसऱ्या दिवशी आवडाबाई पेढे घेऊन आली, सारजा संगं, सारजाचं लेकरू काखंत. नवं निळं पातळ नेसलेली. हसली तर समदं अंग हसायचं तसं नाय आता, पण हसली. धनी ओसरीवर बसलेला. तिनं त्याच्या हातात पेढा दिला आन् त्याच्याजवळ बसली.

"तात्या," म्हणली, "कैक वर्सं सांगायचं व्हतं. तुमचा तो सांगावा मी दुसऱ्या अर्थानंच धरला. ठाव लागला नाय म्हणजी खोल पाणी, चला पुढं. तसाच धरला, म्हणून चालत आले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

धन्याला ऐकू गेलं नाय. त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणती?"

माझ्या जिवावर आलं. मी टाळलं. त्यानं पुन्हा इचारलं. आवडाबाई म्हणली, सांगा अक्का. मग मी त्याच्या कानाला तोंड लावलं आन् वरडले, "ठाव लागला नाय, म्हणती!"

मला पुढचं बी सांगायचं व्हतं. त्यानं थांबू दिलं नाय. त्याचं तोंड एकदम उतरलं.

"अजून नाय?" म्हणला, आन् काठी हुडकत उठाया लागला.

आवडाबाईनं त्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवलं आन् तशीच धरून बसली. पेढा त्याच्या मुठीत चुरडून गेलता.